लेकीला शोभेलसं मधलं नाव कसं निवडाल?

अभिनंदन! मुलगी झाली. 'पेढे की बर्फी' विचारणाऱ्यांना बर्फी पोचली असेल, तर आता नावाचं बघू.

पहिल्या नावाचं तुमचं तुम्ही उरकलंच असणार. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यातून आर्द्राचा तिसरा चरण येऊन नेमका 'ङ' वाट्याला आला असेल, तर गुरुजींनी 'चालतंय हो' म्हणून सूटही दिली असेल. मग रात्री दोन वाजता, एका हाताने बाळाला थोपटत आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत तुम्ही 'मायरा' नक्की केलंत. छान. नाव गोड आहे. सोसायटीत आणखी तीन मायरा आहेत, तेवढ्या सोडल्या तर वेगळंही आहे.

आता मधलं नाव. साहेबाच्या देशात आईबाप यासाठी डोकं खाजवतात. रोज बरं की ग्रेस, की पणजीचं नाव घालायचं? आपल्याकडे ही दगदग नाही. मुलीचं मधलं नाव तीसेक वर्षांपूर्वीच ठरलेलं असतं. तुमच्या नवऱ्याच्या आत्याने पाळण्यात वाकून, त्याच्या कानात 'कुर्र्र' करून ते ठरवलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

म्हणजे खरी निवड करायची होती ती कांदेपोह्यांच्या वेळी. पगार विचारलात, फ्लॅटवर कर्ज किती ते विचारलंत, 'होणाऱ्या मुलीच्या नावापुढे हा कसा वाजेल?' हे मात्र कुणालाच सुचलं नाही. मग होतं काय, की निशा दिनकर नावाची मुलगी जन्मभर रात्र आणि दिवस एकाच रेशनकार्डावर घेऊन हिंडते. मोहिनी हनुमंतमध्ये त्या ब्रह्मचाऱ्याची किती कुचंबणा होते, याचा विचार कुणी करत नाही. मायरा ज्ञानेश्वर ही तर मोबाइलवरून निघालेली वारी, थेट आळंदीला. जुळणारी जोडी म्हणजे मीरा मुरलीधर. पण मुरलीधर नावाची स्थळं आता सत्तरीच्या पुढची आहेत.

'पण आता आईचंही नाव लागतं ना?' लागतं तर! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. २०२४ मध्ये हे क्रांतिकारक ठरलं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने दगडावर आपल्या लेकाची कीर्ती कोरून ठेवली, तो गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे दोघे आयांची नावं पुढे लावून राज्य करून गेले, त्याला काही फार दिवस झाले नाहीत. दोनेक हजार वर्षं.

तेव्हा 'मायरा अश्विनी मंगेश' आणि मग आडनाव, अशी चार नावं हाती धरून तुम्ही ऑनलाइन फॉर्म उघडा. तिथे रकाने तीन. पहिलं, मधलं, शेवटचं. मधल्यावर लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडता येत नाही. त्यात आई आणि बाबा दोघे मावतात का बघा. मावले नाहीत तर कोण बाहेर बसेल, हे मी सांगायला नको.

तरी अश्विनीताई, तुम्ही जीव बारीक करू नका. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला जी पट्टी बांधली होती ना, तिच्यावर एकच नाव होतं. 'बेबी ऑफ अश्विनी'. तिथे मधलं नाव कुणी विचारलं नाही. फक्त डिस्चार्ज मिळाला, तेव्हा ती कात्रीने कापली.

आता एक बारीक अट. एवढ्या विचाराने लावलेलं हे मधलं नाव मुलीला कायमचं नसतं; ती भाडेपट्टी असते. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, आणि वडील जागा खाली करतात. तसा कुठलाच कायदा नाही. विवाहितेच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, ही चालत आलेली पद्धत मात्र नव्या निर्णयातही तशीच राखली आहे. आईचं नाव पाळण्यात मिळतं आणि मांडवात जमा होतं.

माझंच सांगते. माझ्या आईने एका ठेवीला मला वारस लावलं होतं, माहेरच्या नावाने. आई गेल्यावर मी आणि हे बँकेत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पावती पाहिली, माझं आधार पाहिलं, परत पावती पाहिली.

"या कोण?"

"मीच."

"मधलं नाव वेगळंय मॅडम."

मी लग्नाचा दाखला काढला, राजपत्राचं पान काढलं, दहावीची मार्कलिस्ट काढली. तिच्यावर आईचं नाव स्वतंत्र ओळीत छापलेलं असतं, ती ओळ बोटाने दाखवली. गृहस्थ विचारात पडले. मग त्यांनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्याच मिसेस ना?"

"हो," हे म्हणाले.

काम झालं. ह्यांचं आधार खिशातच राहिलं.

तर तुम्ही 'मायरा'पुढे आज काय शोभतं यात फार गुंतू नका, पंचवीसेक वर्षांनी काय शोभेल ते बघा. तुमच्या जावयाचंही बारसं याच सुमारास कुठेतरी चाललेलं असेल. घुगऱ्या वाटल्या जात असतील, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' चाललं असेल, आणि कुणीतरी आत्या पाळण्यात वाकून तुमच्या मुलीचं पुढचं मधलं नाव एका पोराच्या कानात सांगत असेल. गाठता आलं तर त्या बाईंना गाठा. म्हणावं, हनुमंत तेवढं नको.