दोरीवरचे कपडे काढतं कोण?

पेशी आपल्या आतली खबर पृष्ठभागावर कशी टांगते, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. चाळीच्या गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांची माझी उपमा पेशीला अगदीच बापुडवाणी करून टाकते, हा पहिला. ‘विषाणू कपडे उतरवतो’ ही अतिशयोक्ती आहे, हा दुसरा. पहिला मान्य, दुसरा नाही.

कुणाकडे बाळ आलं ते दोरीवरच्या दुपट्यांवरून सगळ्या मजल्याला कळतं. तसंच पेशीच्या आत कुठली प्रथिनं बनताहेत, ते तिच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी रेणूंत (प्रथिनांचे तुकडे बाहेर दाखवणाऱ्या रेणूंत) धरलेल्या तुकड्यांवरून टी पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, कळतं. एवढं लिहून मी थांबलो. कपडे काढतं कोण, ते राहिलंच, आणि खरी गंमत तिथे आहे. डेंड्रिटिक पेशीचं, म्हणजे जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या पेशीचं, बघा. (एमएचसीचे वर्ग एक आणि वर्ग दोन असे प्रकार आहेत; आतल्या प्रथिनांचे तुकडे मुख्यतः वर्ग एकवर, तर तिच्या वर्ग दोनच्या रेणूंवर बहुतेक बाहेरून गिळलेल्या मालाचे तुकडे असतात, हाही फरक मी गाळला होता.) ती निवांत असताना हे रेणू बनत राहतात आणि मोडतही राहतात. मार्च-१ नावाचं एन्झाइम त्यांच्या शेपटीला युबिक्विटिन हे खुणेचं छोटं प्रथिन चिकटवतं; मग रेणू आत ओढला जातो आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचराकुंडीत, त्याची विल्हेवाट लागते. जंतूची चाहूल लागली की मार्च-१ घटतं, शिवाय सीडी८३ हे प्रथिन त्याला आडवं येतं. दोरी भरलेली राहते ती बरीचशी काढणारा हात थांबल्यामुळे.

आता विषाणू. सायटोमेगॅलोव्हायरस या नागीणकुळातल्या विषाणूची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं नुकताच घडलेला वर्ग एकचा रेणू एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यातून) मागे पेशीद्रवात खेचतात. तिथे प्रोटिएसोम हे प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचा चुरा करतं. तेव्हा ‘उतरवतो’ हा शब्द उलट सौम्य झाला. हा गडी कपडे वाळत घालूच देत नाही!

मग सगळेच विषाणू दोरी साफ का करत नाहीत, असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. आमच्या लालबागच्या चाळीत, पावसाळा नसताना, दोन दिवस दोरी रिकामी दिसली की समोरच्या काकू दार ठोठावायच्या. एनके पेशींचा खाक्या तोच: या मारेकरी पेशी वर्ग एकचे रेणू गायब झालेल्या पेशीवर तुटून पडतात. एमएचसी नसलेल्या लिम्फोमा (लसिका-कर्करोग) पेशी उंदराचं शरीर निवडून नाकारतं, हे क्लास कारे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं. एचआयव्हीचं नेफ प्रथिन म्हणूनच बेरकी वाटतं: एचएलए-ए आणि बी (माणसाचे वर्ग एकचे रेणू) खाली ओढतं, त्यांच्याच भावंडाला, एचएलए-सीला, मात्र हात लावत नाही. चार चादरी नेल्या, दोन ठेवल्या; काकूंना दोरी रिकामी दिसतच नाही.

मार्च-१चा परिच्छेद आज रात्री लेखात घालतो. दोरी मात्र तशीच राहील.