रोमानियाचं संशोधन उलटं वाचू नका

परवा आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘दत्तक घेण्याआधी वाचा. संस्थेतल्या मुलांचा मेंदू कायमचा खुंटलेला असतो, रोमानियात सिद्ध झालंय.’ माझी धाकटी बहीण तीन वर्षं दत्तकाच्या यादीत आहे. आता कुठे दहा महिन्यांच्या मुलीचं रेफरल, म्हणजे ‘ही मुलगी दत्तक घ्याल का’ अशी विचारणा, आलंय. मेसेज वाचल्यावर तिने धुऊन वाळवलेली झबली परत पिशवीत भरून माळ्यावर टाकली.

रोमानियात काय सिद्ध झालं? बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली 136 मुलं घेतली, वय सहा महिने ते अडीच वर्षं. चिठ्ठ्या टाकून निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली, बाकीच्यांची आधीचीच व्यवस्था चालू ठेवली. साडेचार वर्षांची झाल्यावर मोजलं तर कुटुंबाच्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी 81, दुसऱ्या गटाचा 73. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना फायदा जास्त. 2007 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं. म्हणजे संस्था मुलाचं नुकसान करते आणि घर त्यातलं बरंचसं भरून काढतं. त्यावरून ‘घरी आणू नका’ कसं निघतं? दहा महिन्यांच्या लेकराला घर नाकारायला हाच अभ्यास पुढे करता? संताप येतो.

‘आईबापांचं रक्तच तसं’ हाही मुद्दा आहे मेसेजात. चिठ्ठी रक्त बघून निघत नाही. दोन गटांत फरक पडला तो घरामुळे.

मेसेज असंही म्हणतो, ‘सहा महिन्यांनंतर काही उपयोग नाही.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. कधीच संस्थेत न राहिलेल्या बुखारेस्टच्या मुलांचा बुद्ध्यांक 109 होता, तिथवर कुटुंबात गेलेली मुलं पोचली नाहीत. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या 165 रोमानियन मुलांचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ संस्थेत काढलेल्यांच्या काही अडचणी मोठेपणीही टिकल्या. पण त्यांची बौद्धिक पिछाडी विशीत भरून निघाली, आणि पाचातल्या साधारण एकाला कधीच मोठा त्रास झाला नाही. शिवाय ब्रिटनला गेलेली ती मुलं हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातल्या संस्थांतली, उपाशी, दिवसचे दिवस पाळण्यात पडून राहिलेली होती. आपल्याकडच्या प्रत्येक शिशुगृहाला तेच माप कसं लावता?

शनिवारी आम्ही बाळाला भेटायला जातोय. मेडिकल रिपोर्ट आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवणार आहोत. वजन, डोक्याचा घेर, हाक मारल्यावर वळून बघते का, हे सगळं विचारणार आहोत. पिशवी मी माळ्यावरून खाली काढलीय. आत्या, तो मेसेज तू ग्रुपवरून काढ, आणि ज्यांना ज्यांना पाठवलास त्यांना हे पाठव.