ग्रंथपालाची जागा भरा

आज स्टाफ मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकलं आणि घरी आल्यावरही डोकं तापलेलंच आहे. "ग्रंथपालाची जागा भरायची एवढी घाई कशाला? मुलं सगळं मोबाईलवरच बघतात." चार जणांनी माना डोलावल्या. प्राध्यापकांनी!

अहो, मुलं सगळं मोबाईलवर बघतात म्हणूनच तो माणूस हवाय ना!

२०१९ साली माझी प्रमोशनची फाईल एका रिसर्च पेपरसाठी अडली होती. नेमका तेव्हाच मेल आला: तीन दिवसांत छापू, २,८०० रुपये भरा. जर्नलचं नाव ओळखीचं, वेबसाईट झकास. मी पैसे भरायलाच बसले होते. आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, "मॅडम, हे आलं कुठून?" त्यांनी रॅकवरून त्याच जर्नलचा छापील अंक काढला आणि स्क्रीनशेजारी उघडा ठेवला. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, तोच. पण संपादक वेगळे, पत्ता वेगळा आणि पैसे जाणार होते कुणाच्या तरी खासगी खात्यात. अख्खी वेबसाईट नकली. पीएचडी झालेल्या मला ते दिसलं नव्हतं.

तेव्हा निदान यूजीसीची केअर यादी होती, विश्वासार्ह जर्नलांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. जर्नल पारखायची जबाबदारी आता कॉलेजांवर आणि विद्यापीठांवर. म्हणजे कुणावर? माना डोलावणाऱ्या त्या चौघांवर? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या असल्या जर्नलांची ज्याची यादी जगभर गाजली, तो जेफ्री बील कोलोरॅडोतल्या विद्यापीठात ग्रंथपालच होता.

मुलांचं तर विचारूच नका. चॅटजीपीटीकडे संदर्भ मागितले की लेखक, वर्ष, पान नंबरासकट मिळतात, आणि त्यातले काही जगात कुठेच नसतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. तरी ती भीती अजून फिरतेय. पेपर मागे घेतलाय का, हे कुठे बघायचं ते मुलांना कोण शिकवणार? आम्ही? आम्हाला पोर्शन संपवायचाय.

मान्य, काही ग्रंथपाल कपाटाच्या किल्ल्यांपलीकडे जात नाहीत. पण आपण त्यांना वर्गात कधी बोलावलं? सुरुवातीला अर्धा तास ओरिएंटेशन, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार, झालं. प्रोजेक्ट देतो त्या आठवड्यात त्यांना एक तास द्या. मुलांनी आणलेले संदर्भ तिथेच, मुलांकडूनच तपासून घेऊ देत. माझ्या पेपरचेही घेऊ देत, मला लाज नाही वाटणार. त्या दिवशीही सरांनी वाटू दिली नाही. अंक परत रॅकवर ठेवला, चहा मागवला आणि कुणाजवळ अक्षर काढलं नाही.

सर मे महिन्यात रिटायर झाले. चार्ज क्लार्ककडे आहे. भला माणूस आहे, देवघेव चोख करतो. पण हे त्याचं काम नाही.

मीटिंगनंतर लायब्ररीत गेले, तर सरांच्या टेबलाशी एम.ए.ची एक मुलगी उभी. हातात चॅटजीपीटीने दिलेली सात प्रबंधांची यादी. दोघी शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, शोधत बसलो. चार मिळाले, तीन काही सापडेनात. शोधगंगेवर नाही म्हणून लगेच खोटं म्हणायचं नाही, विद्यापीठाचा कॅटलॉग बघायचा, हेही सरांनीच शिकवलेलं. तिथेही नव्हते.

"मॅडम, मग हे आलं कुठून?" तिने विचारलं.

मला नीट सांगता आलं नाही. सोमवारी पुन्हा बसणार आहोत.