विंचवाने मूल दगावतं, आणि बावस्करांनी शोधलं ते नुसती गोळी नव्हती

पाऊस तोंडावर आला की आमच्या महाड-पोलादपूर भागात एक मजकूर फोनवरून फिरू लागतो. यंदा तो पालकांच्या ग्रुपवरही आला आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: विंचवाने माणूस मरत नाही, काळा मोठा चावला तरच जपायचं. जाणत्याकडून उतरवून घेतलं आणि ठणका थांबला, की विष गेलं. विंचूदंशावर उपचार शोधणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव उगाच मोठं केलंय, त्यांची प्राझोसिनची गोळी म्हणजे रक्तदाबाची जुनीच गोळी. आणि आता विंचवाची लस निघालीय, तेव्हा गोळीचंही काम उरलं नाही.

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं गोठ्यात, उडवीत आणि लाकडांच्या ढिगात खेळतात. हा मजकूर वाचून त्यांच्यापैकी कुणाच्या घरात दोन तास फुकट गेले तर काय होईल ते मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा: विंचवाने माणूस मरत नाही. मरतो, आणि लहान मूल आधी मरतं. कोकणातला लाल विंचू आकाराने बेताचा, नांगी बारीक, पण जगातल्या घातक विंचवांत त्याची गणना होते. काळा मोठा विंचू भीतीदायक दिसतो, त्याचा डंख झोंबतोही, पण जीव सहसा लाल घेतो. म्हणजे मजकुराने नेमकं उलटं सांगितलंय. विषाचा थेंब तेवढाच असतो, तो साठ किलोच्या बापाच्या अंगात पसरतो तसा बारा किलोच्या पोराच्या अंगातही पसरतो. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातल्या गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन दगावत होते. इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, तोंडाला गुलाबी फेस येऊन गेलेली पोरं त्यांनी पाहिली आहेत.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यावर जरा थांबतो. ठणका थांबला म्हणजे विष उतरलं, ही समजूत आपल्या हाडीमाशी रुजलेली आहे. उतरवणाऱ्याला यश मिळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते खोटं नाही. बहुतेक दंश, लाल विंचवाचेसुद्धा, चावल्या जागी ठणकून आपोआप शांत होतात. मोठ्या माणसांत तर अधिकच. त्या सगळ्यांचं श्रेय मंत्राला मिळतं. ज्याच्या अंगात विष भिनलंय त्याचं गणित मात्र वेगळं असतं. तिथे चावल्या जागी फारसं दुखतच नाही.

मागे भातकापणी झाल्यावर आमच्या चौथीतला एक मुलगा पेंढ्याच्या उडवीत लपायला गेला आणि बोटाला डंख घेऊन आला. मी घरी पोचलो तेव्हा आई बोटावर तापवलेली तुरटी दाबत होती. बाप म्हणाला, "गुरुजी, आता दुखत नाही म्हणतोय, उतरलं वाटतं." दारातून वारा येत होता आणि पोराचा सदरा मात्र पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला. दोनदा ओकला होता. मी तळहात धरला तर तो थंडगार होता. त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटाकडे बघितलंही नाही, आधी पावलं चाचपली, मग छातीला स्टेथोस्कोप लावला आणि वजन करून गोळी दिली. दर थोड्या वेळाने ते येऊन पावलंच बघत होते. रात्री उशिरा पावलं कोमट झाली आणि पोरगं बोट दुखतंय म्हणून रडायला लागलं. आई घाबरली. डॉक्टर म्हणाले, "रडू दे, आता बरा होतोय."

भरपूर घाम, उलट्या, तोंडाला लाळ, थंड पडलेले हातपाय, आणि मुलग्यांमध्ये ताठ राहिलेलं लिंग. हे शेवटचं लक्षण सांगायला आया लाजतात आणि तेच डॉक्टरला सगळ्यात आधी कळायला हवं. ही लक्षणं दिसली की ठणका आहे की नाही याची चर्चा करू नका. फुप्फुसात पाणी भरण्याआधीची ती सूचना असते.

आता ही लक्षणं म्हणजे पुढच्या संकटाची सूचना आहे, हे जगाला कुणी नीट सांगितलं? इथून तिसरा मुद्दा सुरू होतो, आणि माझा राग या मुद्द्यावर आहे.

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या वेळी विंचू चावलेल्या रुग्णाला ठरावीक औषधं दिली जात: गुंगीची आणि वेदनाशामक इंजेक्शनं, स्टेरॉइड, घाम आणि लाळ थांबावी म्हणून ॲट्रोपिन. रुग्ण तरीही जात. या तरुण डॉक्टरने रुग्णाच्या उशाशी बसून बघायला सुरुवात केली. आधी काय होतं, मग काय, नाडी कशी, रक्तदाब किती, पाय कधी गार पडतात, श्वास कधी लागतो. या नोंदींतून लाल विंचवाच्या दंशाची आगाऊ लक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्या नोंदींमुळे रोगाचा क्रम उघडा पडला. विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. मग शरीर ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं रक्तात ओतत सुटतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. हे एकदा कळल्यावर ॲट्रोपिन का नको तेही कळतं: ते आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवतं. आणि आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध हवं, हेही कळतं. प्राझोसिन नेमकं ते करतं. शिवाय ती साधी तोंडाने घ्यायची गोळी आहे. नसेतून थेंबथेंब द्यायच्या औषधाला अतिदक्षता विभाग लागतो, तो बिरवाडीत कुठून असणार? बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच मांडला. १९८४ पासून ही गोळी वापरात आल्यावर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आल्याची त्यांची नोंद आहे.

गोळी जुनीच होती, हे खरं. औषधाच्या दुकानात ती आधीपासून पडून होती आणि पोरं मरत होती, हेही तितकंच खरं. ती गोळी कुणाला, कधी आणि का द्यायची हे कोकणातल्या आरोग्य केंद्रात बसून शोधावं लागलं. ते संशोधन नाही, तर मग संशोधन कशाला म्हणायचं ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं. प्रयोगशाळा नाही, हाताखाली सहायक नाहीत, आणि रुग्ण रात्रीबेरात्री वाडीवरून डोलीत येणार. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे लोकांना आनंद झाला तो यामुळे.

चौथा मुद्दा लसीचा. अशी लस नाही. वर्तमानपत्रंही कधीकधी 'विंचूदंशावर लस' असं छापतात आणि गोंधळ वाढवतात. जे आहे ते प्रतिविष: विंचू चावल्यानंतर द्यायचं, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं इंजेक्शन. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते लाल विंचवासाठी तयार झालं. ते आधी टोचून घेऊन संरक्षण मिळत नाही.

आणि प्रतिविष आल्यामुळे गोळी निकामी झाली का? हे तपासलं ते खुद्द बावस्कर दांपत्यानेच. महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही मिळालेल्यांत ३५ पैकी ३२ होते, नुसती गोळी मिळालेल्यांत ३५ पैकी ८. हा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ज्या गोळीमुळे आपलं नाव झालं ती एकटी कुठे कमी पडते, हे त्यांनी स्वतःच आकड्यांत मांडलं. नाव फुगवायचं असतं तर माणूस असली चाचणी करत नाही. आणि त्या चाचणीतही गोळी कुणाची काढून घेतली नव्हती, दोन्ही गटांना ती होतीच.

तेव्हा हा मजकूर पुढे पाठवू नका. त्याऐवजी पाऊस लागण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारा: प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, आणि लाल विंचवाचं प्रतिविष इथे मिळतं की पुढच्या रुग्णालयात जावं लागतं. गोळी घरात ठेवून आपल्या मनाने देऊ नका, तिने रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो, म्हणून मुलाला आडवं ठेवून डॉक्टरच्या देखरेखीखालीच ती द्यावी लागते. वाडीवरून रात्री कुणाची गाडी निघेल, त्याचा नंबर काय, हे आशाताईंना आताच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.