नसा साफ करणारा काढा आणि काकांची स्ट्रिप

नागपूरच्या धंतोलीत माझं औषधाचं दुकान आहे. परवा ओळखीचे एक काका ॲटोरवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची अर्धी स्ट्रिप काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे वापस घे बाप्पा. हार्ट कमजोर करते म्हणून ग्रुपवर आलं. माझे पायही दुखून राहिले."

तो मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता. म्हणणं असं: कोलेस्टेरॉलची गोळी स्नायू खाते, हृदयही स्नायूच, म्हणजे तेही गेलं, ब्लॉकेज ती उघडत नाहीच, रिपोर्ट नॉर्मल आला की बंद करा आणि लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा घ्या, नसा साफ.

ब्लॉकेजचं थोडं खरं आहे. ८० टक्के बुजलेली नस गोळीने मोकळी होत नाही. २००६ च्या ॲस्टेरॉइड अभ्यासात रोसुवास्टॅटिन या याच जातीच्या (स्टॅटिन) गोळीचा ४० मिलिग्रॅमचा डोस दोन वर्षं दिला, तेव्हा नसेतला चरबीचा थर घटला, पण जरासाच. मात्र नस म्हणजे पीव्हीसी पाइप नव्हे. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने ती सैलावते. अंबाझरी तलावावर झपझप चालताना हृदयाच्या स्नायूला जास्तीचं रक्त मिळतं, त्यात याचाही वाटा असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं की हे काम मंदावतं. वर्ष-सहा महिने ते उतरवून ठेवलं की सुधारतं, हे १९९५ मध्येच रुग्णांच्या नसांत ॲसिटिलकोलिन (निरोगी नस ज्याने सैलावते ते रसायन) सोडून तपासलं गेलंय. आणि नळीचा हिशोब मोठा गमतीचा: दाब तोच ठेवून त्रिज्या १० टक्के वाढली, तर प्रवाह सुमारे ४६ टक्के वाढतो. शिवाय पुष्कळ ॲटॅक नस पूर्ण बुजण्याआधीच, मधल्या आकाराचा थर फुटून त्यावर गुठळी झाल्याने येतात. गोळी त्या थरातली चरबी कमी करते, वरचं कवच घट्ट करते.

हृदय कमजोर होत असतं तर माणसं जास्त दगावली असती. १९९४ चा स्कँडिनेव्हियातला अभ्यास घ्या: ४,४४४ हृदयरोगी, साधारण साडेपाच वर्षं. नकली (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांत २५६ मृत्यू, सिम्वास्टॅटिनवाल्यांत १८२.

अंगदुखी खोटी नाही, पण दर वेळी ती गोळीचीच असते असंही नाही. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना २०२० च्या एका अभ्यासात काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने रिकामी बाटली दिली. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांपेक्षा खऱ्या गोळीवर त्रास जेवढा वाढला, त्याच्या सुमारे ९० टक्के नकलीवरही वाढला! शुगर थोडी वाढू शकते, हे मात्र खरं.

रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर. आणि काढा? थर नसेच्या भिंतीत, अस्तराखाली असतो. तो मोरीतला गाळ नाही, व्हिनेगरने खरवडायला. लसूण सावजी रश्श्यात खाताच की.

काकांची स्ट्रिप मी घेतली नाही. पाय कधीपासून दुखतात, एवढं विचारलं. "घशासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तवापासून." खिशातून चिठ्ठी निघाली: क्लॅरिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक. ही सोबत असली की ॲटोरवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं आणि स्नायू खरंच दुखू शकतात. तिकडे कोलेस्टेरॉलच्या गोळीचं ना त्या डॉक्टरांनी विचारलं, ना काकांनी सांगितलं. लघवी चहासारखी काळी होते का (स्नायू फार झिजले की तसं होतं), विचारलं; नाही म्हणाले. चिठ्ठी आणि स्ट्रिप हातात देऊन लगेच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.