चावरी चप्पल, बधिरतेचं मलम आणि ताईंचा राग

ताई, चप्पल चावून फोड आला तर त्यावर लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) लावा, असं मी जुन्या लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "लिग्नोकेन म्हणजे बोरोलीन नव्हे, फुटलेल्या फोडावर चोपडून जोतिबाचा डोंगर चढायला सांगणारे तुम्ही कोण? असली मलमं दुकानात विकायलाच नकोत." यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के मान्य. दुसऱ्याबद्दल बोलू.

त्या लेखात मी सगळं लिहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातून घेतलेली कोरी करकरीत कोल्हापुरी, तेल न पाजता थेट चैत्र यात्रेला घातली. चढावर अंगठ्याजवळचा फोड फुटला. मित्राच्या पिशवीत ५ टक्क्यांची ट्यूब होती (मूळव्याधीसाठी, पण तेव्हा कोण विचारतंय). लावली. थोड्या वेळात पाय आपला नाहीच असं वाटायला लागलं. मग चढताना, वर पोचल्यावर, उतरताना, लावतच गेलो. घरी येऊन मोरीत पाय धुतला, तर गुलाल निघून गेला तरी पाणी लालच. फोडाच्या जागी खड्डा आणि त्यात रुतलेला खडा. तो कधी घुसला, मला पत्ताच नव्हता. दिवसभर कानात गुणगुणत होतं, ते यात्रेतल्या सासनकाठ्यांपुढच्या (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्या) ढोल-हलगीचं असेल. मलमाचंही असेल.

कारण धड कातडीचा वरचा थर औषधाला बराच अडवतो, फुटलेली कातडी अडवत नाही. लिग्नोकेन मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग बंद करतं, म्हणून वेदना पुढे जात नाही. हृदयाचे ठोकेही त्याच सोडियमवर चालतात, आणि काही प्रकारचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायला हेच औषध डॉक्टर शिरेतून देतात. तेव्हा प्रतिक्रियेत पुढे तुम्ही हृदयाचं नाव काढलंत ते उगाच नाही. रक्तात जास्त गेलं की ओठ-जीभ मुंग्या येऊन बधिरतात, तोंडाला धातूची चव येते, कान वाजतात, गरगरतं, पुढे झटके. लेसरनं केस काढण्याआधी पायभर जास्त तीव्रतेचं बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर जाहीर इशारा दिला.

५ टक्क्यांच्या मलमाची मोठ्या माणसासाठीची मर्यादा एका वेळी ५ ग्रॅम, म्हणजे ट्यूबमधून सहा इंचांची रेघ, आणि दिवसाला फार तर १७ ते २० ग्रॅम. ही कमाल आहे, पायाच्या बोटाला हरभऱ्याएवढं पुष्कळ. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना मात्र या मलमाचा कणही नको.

आता विक्री बंद करण्याबद्दल. माझ्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. हातात दोन जाड सुया जातात. निघायच्या तासभर आधी ती सुईच्या दोन जागांवर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं (प्रिलोकेन हेही बधिर करणारंच औषध) क्रीम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवते. नर्सनं शिकवलंय तेवढंच, तेवढ्याच जागेवर. झाकणं तिथेही आहे, पण रुपयाएवढ्या जागेचं. पूर्वी ती आदल्या रात्री झोपायची नाही. तिच्या हातातली ट्यूब काढून घ्या असं मी तरी म्हणणार नाही, ताई. किडा चावला, धड कातडीची आग होतेय, तिथेही पातळ थर चालतो. डोळ्यांपासून लांब, आणि लावल्यावर हात धुवायचे.

"मग चप्पल चावल्यावर लावायचं काय?" असं शेवटी विचारलंत. काही नाही, आधी चप्पल काढायची. साबण-पाण्यानं धुऊन स्वच्छ पट्टी. मधुमेह असेल तर डॉक्टरकडेच, तिथे पाय आधीच निम्मा बधिर असू शकतो.

जुन्या लेखातली ती ओळ खोडली आहे, खाली तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे. चप्पल एरंडेल पिऊन गॅलरीत पडली आहे. ट्यूब मित्राला परत दिली. ३० ग्रॅमची ट्यूब निम्मी कशी झाली, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.