भाऊ येऊन रायले का?

परवा आमच्या नाट्यमंडळाची बैठक झाली. मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक आठ दिवसांवर आलंय, वडसाच्या नाटक कंपनीला इसार देऊन झालाय, मंडपवाला ठरलाय. तरी दोन तास वाद चालला, कशावर, तर पत्रकावर कोणाचं नाव कुठं छापायचं यावर. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी. त्यात यंदा जिल्हा परिषदेला इच्छुक असलेले सगळे 'प्रमुख उपस्थिती'त. नाटकात काम करणाऱ्यांच्या नावाला खाली जेमतेम चार बोटं जागा उरली. एवढं झाल्यावर कोपऱ्यातल्या एका काकाजींनी विचारलं, "ते सप्पा ठीक हाय, पण भाऊ येऊन रायले का?"

भाऊ म्हणजे आमचे आमदार. येतात. तेरवीला येतात, साक्षगंधाला येतात, भजन स्पर्धेत खंजिरी हातात घेऊन फोटोपुरती वाजवतात. बाहेरच्या लोकांना सांगतो, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि सकाळी कोंबडं आरवेपर्यंत चालतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकीही तिथंच जुळतात. आमदाराला एका रात्री चार-पाच गावांचे नारळ फोडावे लागतात. रात्री दीड वाजता, मफलर गुंडाळून, झोपेनं लाल झालेल्या डोळ्यांनी त्यांना स्टेजवर चढताना मी पाहिलंय. ही मेहनत खोटी नाही. आणि त्या स्टेजच्या मागं, मेकअपच्या खोलीच्या दाराशी, लोक खिशातून जी निवेदनं काढतात, त्यातली निम्मी कामं तिथंच फोनवर होतात. तहसीलमध्ये चार चकरा मारूनही न हललेला निराधार योजनेचा कागद एका बाईसाठी तसा हललेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

म्हणून 'आमदार नुसते कार्यक्रमांनाच फिरतात' असं कोणी म्हटलं की मला लगेच हो म्हणवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती अर्धी माझ्यावरच आहे.

गेल्या आठवड्यात मी भाऊंचं फेसबुक पेज खालीपर्यंत सरकवत गेलो. सांत्वनपर भेट, सदिच्छा भेट, भूमिपूजन, लोकार्पण, पुन्हा सांत्वनपर भेट. मध्येच, पावसाळी अधिवेशनाच्या दिवसांतली, एक पोस्ट सापडली. मामा तलावांबद्दल त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला होता. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, आमच्या पूर्व विदर्भाच्या धानाला आजही पाणी देणारे तलाव. 1950 च्या दशकाच्या तोंडावर मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायचा कोणी हा वाद तेव्हापासून सुरू झाला. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन असलेला तलाव जिल्हा परिषदेकडं, त्यावरचा राज्याच्या पाटबंधारे खात्याकडं. आमच्या गावचा तलाव अर्धा बेशरमाच्या झुडपांनी भरलाय, पाळीला भगदाडं आहेत, आणि धानाच्या शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे वाफ्यांपर्यंत, पाणी पोचत नाही.

विधानसभेच्या प्रश्नाची भाषा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी एकदा वाचाच. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हे खरे आहे काय'. आणि मंत्र्यांचं उत्तर ठरावीक: 'होय', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', नाहीतर माझं सगळ्यात आवडतं, 'प्रश्न उद्भवत नाही'. भाऊंना 'अंशतः खरे आहे' मिळालं. तेवढ्यानंही काम होतं, कारण अंशतः का होईना, सरकारनं सभागृहात लेखी कबूल केलं. तो कागद घेऊन कार्यकारी अभियंत्याच्या टेबलासमोर उभं राहता येतं. पाच महिने झाले, आमच्या गावातून कोणी गेलं नाही. गावात कोणाला माहीतच नव्हतं.

आणि त्या पोस्टला लाइक होते बेचाळीस. त्याच्याच वरच्या पोस्टला, भाऊ एका हळदीत नाचले त्या व्हिडिओला, अडीच हजार. त्या अडीच हजारांत मी होतो. बेचाळिसांत नव्हतो.

आता आमदार मूर्ख थोडाच आहे! त्याच्याकडं मोबाइल सांभाळणारी चार पोरं आहेत, कशाला काय मिळतं ते त्याला रोज कळतं. आपण मागतो सभामंडप, तो देतो सभामंडप. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. मतदारसंघात दीडशे गावं धरली तरी एका गावाच्या वाट्याला सव्वातीन-साडेतीन लाख येतात. त्यात एक हायमास्ट, नाहीतर शे-दोनशे फूट सिमेंट रस्ता, नाहीतर ती व्यायामाची लोखंडी यंत्रं, ज्यांच्यावर आमच्याकडं धानाची पोती वाळवतात. तलावाचं काम या निधीत बसत नाही. ते सभागृहात भांडूनच आणावं लागतं.

भांडायला दिवस तरी किती मिळतात? 1953 च्या नागपूर करारामुळं हिवाळी अधिवेशन आपल्या अंगणात, नागपुरात, येतं. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळं तेही मुंबईतच झालं. 2023 ला 7 ते 20 डिसेंबर चाललं. 2024 ला 16 ते 21, सहाच दिवस, आणि खातेवाटप झालं ते शेवटच्या दिवशी रात्री. म्हणजे सहा दिवस कोणता मंत्री कोणत्या खात्याचा हेच ठरलेलं नव्हतं. 'हे खरे आहे काय' असं विचारायचं तरी कोणाला? तरीही याच नागपुरातून धानाचा बोनस येतो. 2022 ला हेक्टरी 15 हजार, 2023 ला हेक्टरी 20 हजार, दोन्ही वेळा दोन हेक्टरांची मर्यादा. घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी चौकाचौकात बॅनर. बोनस एकच, पण तो आणणारे भाऊ जितके मतदारसंघ तितके.

2025-26 च्या हंगामाला धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. खरेदी केंद्रावर बारदाना कधी येतो याची वाट बघत लोक बसलेत, आणि डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे. नेमकी मंडईची गर्दीही याच दिवसांत. भाऊंना दिवसा नागपूर आणि रात्री आमच्याकडची नाटकं, असं दीडशे किलोमीटर येजा करावं लागणार. आम्हीच ओढतो त्यांना. 'आमच्या गावाला नाही आले' हे पुढची पाच वर्षं ऐकवणारेही आम्हीच. सभागृहात किती दिवस हजर होते, हे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

म्हणून परवाच्या बैठकीत मी एक गोष्ट मांडली. भाऊंनी नारळ फोडावा, शाल-श्रीफळ घ्यावं, पण भाषण करू नये. त्याऐवजी तलावाचा प्रश्न आणि त्याचं सरकारी उत्तर माइकवरून वाचून दाखवावं, आणि तिथंच गावातली चार माणसं ठरावीत, कागद घेऊन अभियंत्याकडं जाणारी. मी छापून आणतो म्हटलं.

काकाजी म्हणाले, "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं? लोक खुर्च्या फेकतीन ना जी!"

शेवटी पाच मिनिटांवर तोडगा निघाला. तेही पेटी-तबला जुळवून होईपर्यंत. जुळलं की माइक काढून घेणार. स्वीय सहायकांना फोन केला, ते म्हणाले भाऊंना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

नाटक शुक्रवारी आहे. तिकीट सगळ्यांना आहे, पत्रकावर नाव असलेल्यांना सोडून. थंडी वाढलीय, चादर घेऊन या.